पद्मिनीचा रंग आणि पार्किंगमधली हवा

कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जाऊ लागल्या, तसा अनेक घरांत बाजूला पडलेला एक प्रश्न पुन्हा वर आला आहे. खाली कव्हर घालून वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं काय करायचं? ती गाडी बहुधा प्रीमियर पद्मिनी असते, कधी अँबेसेडर, क्वचित स्टँडर्ड हेराल्ड. आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. ती भंगारात देववत नाही. मग घरातलं कुणीतरी, बहुतेकदा नोकरीच्या उतरणीला लागलेला एखादा अभियंता, ठरवतो की गाडी आपणच उभी करायची. इंजिन उघडायचं, गंजलेला पत्रा कापून नवा बसवायचा, नाना पेठेत फिरून सुटे भाग शोधायचे आणि सगळ्यात शेवटी गाडीला पूर्वीसारखा रंग द्यायचा.

हा छंद उत्तम आहे, त्याचं कौतुकच व्हायला हवं. हात कामाला लागतात, डोकं गुंतून राहतं, घरातल्या दोन पिढ्या एका बॉनेटभोवती जमतात. मात्र या कामातला एक टप्पा घरी करण्याजोगा राहिलेला नाही. तो म्हणजे हार्डनर मिसळलेल्या रंगाची फवारणी. सोसायटीचं पार्किंग, बंगल्यामागची शेड, बंद गॅरेज यांपैकी कुठेही ती होऊ नये. यामागचं कारण निव्वळ रासायनिक आहे. शिवाय त्यात ज्याचा श्वास पणाला लागतो तो माणूस पुष्कळदा गाडीचा मालक नसतो, रोजंदारीवर बोलावलेला पेंटर असतो.

पन्नाशी ओलांडलेली गाडी

पद्मिनीबद्दलचा जिव्हाळा समजण्यासारखा आहे. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि पुढे १९७४ मध्ये याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. मुंबईत तिचं काळं-पिवळं रूप टॅक्सी म्हणून रुजलं. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती रस्त्यावरून उतरली. म्हणजे ज्या पद्मिनी आज शिल्लक आहेत, त्या खासगी घरांतल्याच.

त्यातच केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या, खासगी वापराच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेल्या गाड्या आता या रांगेत येऊन पोचल्या आहेत. मूळ रूप म्हटलं की मालकाच्या डोळ्यांपुढे आधी उभा राहतो तो रंग. म्हणून घरगुती जीर्णोद्धारात सर्वात जास्त हौस आणि सर्वात जास्त घाई रंगाच्या टप्प्यावर दिसते.

वाळणं वेगळं, पिकणं वेगळं

गाडीचा रंग ‘वाळतो’ असं आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि धोका कुठला हे त्यावरच ठरतं.

पहिला प्रकार ड्युकोचा. १९२० च्या दशकाआधी मोटारींना ब्रशने वार्निशसारखे थर दिले जात आणि एक गाडी पुरी व्हायला काही आठवडे लागत. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजवर आधारित रंग ‘ड्युको’ या नावाने आणला. तो फवारता येत असे आणि काही मिनिटांत वाळत असे. आपल्याकडे कंपनीचं नाव मागे पडलं, पण गॅरेजमध्ये ‘ड्युको मारणं’ हा शब्दप्रयोग आजही चालतो. हा रंग निव्वळ थिनर उडून गेल्यामुळे वाळतो. पुन्हा थिनर लावला तर विरघळतोही.

दुसरा प्रकार सिंथेटिक इनॅमलचा. यातही थिनर उडतो. पण त्यानंतर रंगातली तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जोडली जातात आणि थर कडक होत जातो. लोखंडी ग्रिलला किंवा गेटला जो रंग देतात, त्याच कुळातला हा.

तिसरा प्रकार आज सर्वत्र वापरला जातो. गॅरेजच्या भाषेत ‘टू-के’ किंवा ‘पीयू’. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर यांनी १९३७ मध्ये हे रसायन शोधलं. यात दोन डबे असतात, एक रंगाचा किंवा क्लिअर कोटचा आणि दुसरा हार्डनरचा. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की त्यांच्यात अभिक्रिया सुरू होते आणि रेणूंची जाळी विणली जाते. हा रंग नुसता वाळत नाही, तो पिकतो. त्यानंतर त्यावर पेट्रोल सांडो, पावसाचं पाणी पडो की पुण्याचं ऊन, तो सहज हार मानत नाही. नव्या गाडीवरची काचेसारखी चकाकी त्याचीच.

हार्डनरच्या डब्यात असतात आयसोसायनेट. हे रेणू कमालीचे अधीर असतात. समोर हायड्रोजनाचा योग्य दुवा दिसला की ते त्याला जाऊन चिकटतात. रंगात तो दुवा त्यांना मिळावा अशीच योजना असते. फवारताना मात्र सगळे थेंब पत्र्यावर जात नाहीत. जुन्या पद्धतीच्या स्प्रे गनमधून निघालेल्या रंगातला निम्म्याहून अधिक भाग हवेतच राहू शकतो. कमी दाबाच्या सुधारित गनसाठी निदान ६५ टक्के रंग पृष्ठभागावर बसावा असा निकष मानला जातो. म्हणजे तिथेही तिसऱ्या हिश्श्यापर्यंत रंग हवेत. हे बारीक थेंब श्वासाबरोबर आत गेले की अधीर आयसोसायनेट श्वासनलिकेच्या अस्तरातल्या प्रथिनांना चिकटतं. ज्या गुणामुळे पत्र्यावर टणक थर बसतो, तोच गुण शरीरात नको त्या ठिकाणी काम करतो.

एकदा जडला की जडला

प्रथिनाला असं अनोळखी शेपूट जोडलं गेलं, की काही जणांची प्रतिकारशक्ती त्याला शत्रू म्हणून नोंदवून ठेवते. वैद्यकात याला संवेदनीकरण म्हणतात. ते पहिल्या फवारणीत होईल, दहाव्या वेळी होईल, की वर्षानुवर्षं काम करूनही होणार नाही, हे आधी सांगता येत नाही. झालं, की पुढे अगदी सूक्ष्म मात्राही दमा उसळायला पुरते. पूर्वी दिवसभर रंग मारणारा माणूस शेजारच्या गॅरेजमधल्या फवारणीनेही कासावीस होतो. आयसोसायनेटमुळे होणाऱ्या दम्याचं वर्णन फ्रान्समध्ये १९५१ सालीच झालं होतं. आज व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांत या रसायनांची गणना होते आणि मोटारी रंगवणाऱ्यांमध्ये हा आजार इतर कामगारांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. त्वचेवर पडलेल्या हार्डनरमधूनही संवेदनीकरण होऊ शकतं, असे पुरावे आहेत. त्यामुळे उघड्या हातांनी रंग कालवणंही निर्धोक नाही.

किती मात्रा चालते? अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने हवेतल्या रसायनांसाठी मर्यादा सुचवल्या आहेत. थिनरमधल्या टोल्युइनसाठी कामाच्या दिवसाची सरासरी दहा लाख भागांत १०० भाग. गाडीच्या हार्डनरमधलं मूळ आयसोसायनेट, म्हणजे एचडीआय, त्यासाठी दहा लाखांत ०.००५ भाग, अर्थात अब्जात पाच. एकाच संस्थेच्या या दोन आकड्यांत वीस हजार पटींचा फरक आहे. ज्याच्या वासाने डोकं धरतं त्या थिनरला सगळे घाबरतात. ज्याला जाणवेल असा वास नाही, त्याच्याबद्दल डब्यावरच्या बारीक अक्षरांपलीकडे कुणी बोलत नाही.

आयसोसायनेट हा शब्द भारतात भोपाळशी कायमचा जोडला गेला आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. गाडीच्या रंगातलं आयसोसायनेट आणि तो वायू एकच नव्हेत, हे स्पष्ट करायला हवं. भोपाळचं रसायन झटकन उडणारं होतं. हार्डनरमधले रेणू मोठे आणि जड असतात, डबा उघडा राहिला म्हणून वस्तीवर संकट येत नाही. ब्रशने लावले तरी ते हवेत फारसे जात नाहीत. पण गनच्या दाबाने त्यांचे सूक्ष्म थेंब केले, की जडपणाचं हे संरक्षण संपतं. म्हणून प्रश्न रंगापेक्षा फवारणीचा आहे. ‘टू-के’ प्रकारच्या छोट्या स्प्रे कॅनलाही हेच लागू होतं.

कोविडच्या मास्कने काय होतं?

कोविडनंतर प्रत्येक घरात एन-९५ मास्कचा एखादा गठ्ठा पडून आहे आणि घरगुती रंगकामात तोच तोंडावर चढतो. एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. थिनरची वाफ त्यातून आरपार जाते आणि कडेच्या फटींतून थेंबही शिरतात. ओला रुमाल बांधण्याची जुनी पद्धत तर निव्वळ समाधानापुरती.

कोळशाच्या डब्या लावलेला रबरी मास्क थिनरच्या वाफेसाठी बराच चांगला. त्यालाही मर्यादा आहे. डबी भरली की वास येऊ लागतो आणि माणसाला ती बदलायची वेळ कळते. आयसोसायनेटच्या बाबतीत हा इशाराच मिळत नाही. धोक्याच्या पातळीला त्याचा वास येत नसल्याने डबी निकामी झाल्याचं कळणार कसं? म्हणून ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेचा आग्रह असा, की फवारणारा माणूस बाहेरून नळीने आणलेली स्वच्छ हवाच घेईल. गन थांबवल्याबरोबर रंग कसा बसला हे पाहायला मुखवटा वर करायचा नाही, हाही तिथला नियम. कारण चकाकी पाहण्याच्या त्या क्षणी न दिसणारे थेंब हवेत तरंगतच असतात.

ही नळीची हवा म्हणजे रंगाच्या कॉम्प्रेसरला दुसरा पाइप जोडणं नव्हे. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असू शकतो, यंत्र तापलं तर कार्बन मोनॉक्साइडही. श्वासासाठीची हवा गाळून, तपासून द्यावी लागते. एका गाडीसाठी हा सरंजाम घरी उभा करणारा माणूस विरळाच.

टेकडीवर चाचणी, खाली फवारणी

कोथरूडच्या डोक्यावर वेताळ टेकडी आहे. तिच्यावर १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही मोटारींची संशोधन व चाचणी संस्था उभी आहे. पुणेकर तर त्या भागाला एआरएआय टेकडी म्हणूनच ओळखतात. गाडीच्या धुराड्यातून काय बाहेर पडतं, याचं मोजमाप तिथे होतं. टेकडी उतरून पाषाणला गेलं की १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. देशातल्या मोटारींचं आणि रसायनांचं ज्ञान असं कोथरूडच्या उशाशी आहे. पायथ्याच्या सोसायटीत मात्र पार्किंगमध्ये चार ताडपत्र्या बांधून रंगाची फवारणी सुरू होते, तेव्हा ती हवा कुणी मोजत नाही.

स्टिल्ट पार्किंग तसं उघडं वाटतं. पण रंगावर धूळ बसू नये म्हणून आधी त्याच्या बाजू बंद केल्या जातात. पावसाळ्यात हे अधिकच. दमट हवेत ड्युको मारला तर उडणारा थिनर पत्रा थंड करतो, त्यावर बाष्प जमतं आणि रंग दुधाळ पडतो. ते टाळायला लोक दारं-खिडक्या लावून घेतात. चांगल्या रंगासाठी जे करावंसं वाटतं, तेच फुप्फुसासाठी सर्वात वाईट. कारखान्यातल्या पेंट बूथमध्ये ही कोंडी सोडवलेली असते. वरून गाळलेली हवा येते, खालून रंगाची हवा ओढून गाळली जाते. त्यामुळे धूळही नाही आणि धुकंही नाही. ताडपत्रीला हे जमणारं नाही.

शिवाय पार्किंगमध्ये गाडी एकटी नसते. पेट्रोलच्या टाक्या भरलेल्या दुचाकी असतात, विजेच्या मीटरचं पॅनेल असतं, आता चार्जिंगची सॉकेट असतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते आणि स्विचची एक ठिणगी तिला पुरते. ड्युकोचा वाळलेला भुकटा तर स्वतःच चटकन पेट घेणारा. वरच्या मजल्यावर दम्याचं बाळ असेल, पंप वापरणारी आजी असेल, तर त्यांना या छंदात कुणी विचारलेलं नसतं.

रंग देण्याआधीचा रंग

फवारणीची वेळ येण्याआधी जुना रंग खरवडावा लागतो. हा टप्पा घरी करता येतो, मात्र डोळसपणे. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांमध्ये शिशाचे क्रोमेट वापरण्याची रीत होती. गंजरोधक पिवळ्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असे. त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे. भारताने घरगुती व सजावटीच्या रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. हे नियम भिंतीच्या आणि दारा-खिडक्यांच्या रंगांचे. पन्नास वर्षांच्या गाडीवरच्या थरांना ते अर्थातच ओळखत नाहीत.

अशा रंगावर कोरडा सँडपेपर किंवा ग्राइंडर चालवला की शिशाची धूळ उडते. ती कपड्यांवरून, चपलांवरून घरात जाते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपाय अवघड नाहीत. कागद पाण्यात भिजवून घासणं, खाली प्लास्टिक अंथरणं, निघालेला राडा गटारात न सोडता गोळा करणं, कामाचे कपडे वेगळे धुणं आणि मुलांना त्या दिवसांत लांब ठेवणं. ब्लो-लॅम्पने जुना रंग जाळणं मात्र पूर्ण वर्ज्य. रंग उतरवणाऱ्या द्रावणात डायक्लोरोमिथेन असेल तर बंद जागेत ते वापरू नये. शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि अमेरिकेने २०१९ मध्ये असं द्रावण घरगुती ग्राहकांना विकणंच थांबवलं.

ज्याच्या हातात गन असते

घरगुती जीर्णोद्धार म्हटला तरी फवारणी बहुतेक वेळा मालक करत नाही. लांबी भरणं, घासणं, प्रायमरपर्यंतचं काम हौसेने होतं. शेवटच्या हातासाठी ओळखीच्या गॅरेजमधला पेंटर रविवारी बोलावला जातो. तो स्वतःची गन आणतो, गळ्यातला रुमाल तोंडाला बांधतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी चमकवून देतो. मालकाने आयुष्यात एकदा अशी फवारणी पाहिली. पेंटरसाठी ती आठवड्यातली पाचवी असते.

व्यावसायिक रंगारी म्हणून काम करणं हेच माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात नोंदवून ठेवलं आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायदा कडक झाला, पण तो कारखान्यांसाठी. दोन माणसांचं गॅरेज त्याच्या कक्षेत येत नाही आणि सोसायटीचं पार्किंग तर नाहीच. राज्य कामगार विमा योजनेच्या व्यवसायजन्य आजारांत दम्याचा समावेश आहे, पण ती योजना दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांची. म्हणजे धोका सर्वाधिक जिथे, तिथे कायदा पोचत नाही. युरोपीय संघाने २४ ऑगस्ट २०२३ पासून असा नियम केला, की व्यावसायिकांनी ठरावीक प्रशिक्षण घेतल्याशिवाय डायआयसोसायनेट असलेला माल वापरू नये. आपल्याकडे तोच हार्डनर रंगाच्या दुकानात काउंटरवर मिळतो.

या पेंटरचा आजार ओळखलाही जात नाही. खोकला आणि छातीतला दाब बऱ्याचदा काम संपल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री येतो. सुट्टीत गावी गेलं की बरं वाटतं. मग ‘पुण्याची हवा सोसत नाही’ असं निदान घरीच होतं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला ‘तुझा व्यवसाय काय?’ हा प्रश्न विचारावा, असं त्याने सांगून ठेवलं. दम्याची तक्रार घेऊन आलेल्या तरुणाला तो प्रश्न कोथरूडच्या दवाखान्यातही विचारला जायला हवा. वेळेवर कळलं आणि संपर्क थांबला, तर बरं होण्याची शक्यता बरीच वाढते.

‘आमच्या वेळी काही झालं नाही’

या मताविरुद्ध तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, पूर्वी सगळे अंगणातच गाड्या रंगवायचे, कुणाला काही झालं नाही. त्या काळी गॅरेजमध्ये मुख्यतः ड्युको आणि सिंथेटिक इनॅमल चालत असे. त्यांत थिनरचा आणि आगीचा धोका होता, पण आयसोसायनेट नव्हतं. पद्धत जुनी राहिली, डब्यातला माल बदलला. शिवाय ज्यांना काही झालं, ते धंदा सोडून गेले. त्यांची आठवण सांगायला गॅरेजमध्ये कुणी उरलेलं नसतं.

दुसरा आक्षेप हौसेचा. सगळं स्वतःच्या हाताने केलं नाही तर त्यात काय मजा? याला उत्तर जुन्या गाडीतच आहे. मूळ रूपाचा आग्रह असेल, तर सत्तरच्या दशकातल्या गाडीवर ‘टू-के’ क्लिअर कोटची आरशासारखी चकाकी मुळात बेगडीच दिसते. त्या काळाला शोभेलसा रंग ड्युकोचा किंवा इनॅमलचा. उघड्या जागेत, ठिणगीपासून दूर, कोळशाच्या डबीचा नीट बसणारा मास्क आणि हातमोजे घालून तो काळजीपूर्वक वापरता येतो. दाढी असेल तर मास्क चिकटून बसत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. पाण्यावर आधारित रंगही मिळतात, मात्र त्यांच्यावरचा क्लिअर कोट बहुधा ‘टू-के’च असतो, हे दुकानदाराला विचारून घ्यावं.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. बूथ असलेल्या गॅरेजमध्ये फवारणीला जास्त पैसे पडतात. पण क्रोमच्या एका बंपरसाठी, मूळ हॉर्नच्या रिंगसाठी मालक महिनोन्‌महिने शोध घेतो आणि मागतील तेवढे पैसे मोजतो. त्याच हिशेबात फवारणारा काय घालून काम करणार, ही ओळ धरली तर खर्च फुगतो अशी तक्रार टिकत नाही.

तेव्हा वाटणी सरळ करावी. पत्रा, गंज, लांबी, ओलं घासणं, ब्रशने लावायचा प्रायमर, पॉलिश हे सारं घरी. हार्डनर मिसळलेल्या रंगाची फवारणी बूथमध्ये, नळीच्या हवेवर काम करणाऱ्या पेंटरकडे. गाडी तिथे नेण्याआधी मालकाने स्वतः जाऊन बूथचा पंखा चालतो का, गाळण्या शेवटच्या कधी बदलल्या आणि पेंटरला मुखवटा दिला आहे का, हे पाहावं. इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या माणसाला हे जड नाही. सोसायट्यांनी वार्षिक सभेत पार्किंगमधल्या फवारणीला मनाई करणारा एका ओळीचा ठराव करावा. महापालिकेने आणि कामगार विभागाने छोट्या गॅरेजांना एकत्र येऊन वापरता येतील असे सामायिक बूथ उभारण्याचा विचार करावा. ज्या शहराने देशाला स्कूटर आणि मोटारी बनवून दिल्या, त्या शहराला हे अवघड नसावं.

आणि ज्यांच्या पार्किंगमध्ये पद्मिनी आज अर्धी घासून उभी आहे, त्यांनी पेंटरला रविवारचा निरोप धाडण्याआधी त्याला एक विचारावं. रात्री झोपल्यावर खोकला येतो का? उत्तर हो असेल, तर गाडीच्या रंगाआधी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवणं आणि त्या तपासणीचे पैसे आपण देणं, हे त्या घराच्या ऐपतीतलं काम आहे.